दुसऱ्या पाळीचा चार्ज

बॉयलरकाका सकाळी साडेसहाला कॉफीचं मशीन सुरू करत, म्हणजे नुसतं बटण दाबत नसत. बटण दाबणं हे त्यांच्या मते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात फालतू काम. कोणीही गाढव बटण दाबू शकतं, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक एखादं ठरावीक गाढव असायचं.

आधी हात पुसायचे, कोरड्या फडक्याने, बोटांच्या बेचक्यांसकट. मग वायर बघायची, ओट्याच्या कडेवरून खाली लोंबत तर नाही ना. मग टाकीत गार पाणी ओतायचं, तेही वेगळ्या जगमधून. काचेच्या भांड्यानेच ओतलं तर भांड्याचं बूड ओलं राहतं, आणि ओलं बूड तापल्या प्लेटवर ठेवलं की काच कधी ना कधी दगा देते. पाणी चारच्या रेघेपर्यंत, रेघेवर एक थेंब नाही. कागदी फिल्टरची शिवण दुमडून तो बसवायचा, चार सपाट चमचे कॉफी घालायची, झाकण टक् वाजेपर्यंत दाबायचं, भांडं प्लेटवर नीट सरकवायचं. एवढं झालं की मग प्लग लावायचा. प्लग लावला की पाण्याच्या काचेकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "पाणी आहे." आणि मग बटण.

पाणी आधी, आग नंतर. ही काकांची काळ्या दगडावरची रेघ होती.

कॉफी ठिबकत असताना ते तिथेच उभे राहायचे. मध्येच भांडं काढायचं नाही, झाकण उघडून आत डोकावायचं नाही. शेवटी मशीन घशात काही अडकल्यासारखं गुरगुरायचं, वाफेचा एक सुस्कारा सोडायचं, की काका मान हलवायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून मशीन चालवायचे, मग दोन वेळा नुसत्या पाण्यावर. "बॉयलरला क्षार म्हणजे माणसाला मुतखडा," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे. शेजारी विचारत नसत, तरी सांगायचे.

आता एवढा सोपस्कार करणारा माणूस मशीन बंद करायला विसरेल असं कोणी म्हणालं असतं, तर समोरच्या दारातल्या शिवणवाल्या बाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण जळका वास पहिल्यांदा आला तो त्यांनाच.

काका बॉयलरवर होते एकतीस वर्षं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा मोठा कारखाना होता. धुणं, पिळणं, वाळवणं, इस्त्री, सगळं वाफेवर. वाफ बॉयलरची, आणि बॉयलर काकांचा. मागच्या अंगाला एक खोली, पत्र्याचं दार, आत एक लोखंडी अजस्र पिंप आडवं पडलेलं, त्याच्या तोंडाशी पाण्याची काच आणि प्रेशरचा काटा. काका त्या दोन गोष्टींकडे बघत एकतीस वर्षं बसले. याला कोणी बसणं म्हणेल तर म्हणो. एकदा इस्त्री विभागातला एकजण म्हणाला होता, "तुमचं बरं आहे हो काका, नुसतं बघायचं." काकांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बस. एक तास डोळा हलवू नकोस." तो विसाव्या मिनिटाला घोरत होता.

बॉयलर तीन पाळ्यांमध्ये चालायचा. काकांची पहिली पाळी. आणि पाळीचा नियम एकच: जाणाऱ्याने येणाऱ्याला चालू बॉयलर ताब्यात द्यायचा. पाणी इतकं, प्रेशर इतकं, अमुक व्हॉल्व्ह ठिबकतोय, चार्ज दिला. येणारा स्वतःच्या डोळ्यांनी काच बघायचा, काटा बघायचा आणि म्हणायचा, घेतला. वहीत दोघांच्या सह्या. दुसऱ्या पाळीच्या गड्याला सगळे 'पावणेतीन' म्हणायचे, कारण पाळी अडीचला सुरू व्हायची आणि तो पावणेतीनला उगवायचा. पण तो येईपर्यंत काका जागचे हलत नसत. तो आला, "घेतला" म्हणाला, की मात्र काका मागे वळूनही पाहत नसत. त्यांचं म्हणणं असं, की चार्ज दिल्यावर मागे वळून बघणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

बॉयलर बंद करायचं काम त्यांचं कधीच नव्हतं. वर्षातून एकदा तपासणीसाठी तो बंद व्हायचा, तेव्हा इंजिनियरसाहेबांची लेखी ऑर्डर यायची, वेगळी माणसं यायची, आणि थंड व्हायलाच दीड दिवस लागायचा. एकतीस वर्षांत काकांनी बॉयलर हजारो वेळा सोपवला, बंद एकदाही केला नाही.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना हे कॉफीचं मशीन दिलं. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली देव जाणे, पण पाणी, आग आणि वाफ असलेली वस्तू बघून काकांचा चेहरा उजळला. घरी आल्यावर त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. काकू म्हणाल्या, "माझं पत्र सुद्धा कधी एवढं मन लावून वाचलं नाहीत."

काकूंनी तीस वर्षं बालवाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं होतं की यापुढे आपण सव्वासातच्या आत उठणार नाही, घराला आग लागली तरी. त्यामुळे घराची घडी अशी बसली: काका साडेसहाला चार कप कॉफी करायचे. दोन कप खिडकीत बसून स्वतः प्यायचे. सव्वासातला फिरायला जायचे बूट घालायचे आणि दारातून ओरडायचे, "चार्ज घे गं!"

आतून, बहुधा पांघरुणाच्या आतून, आवाज यायचा, "घेतला!"

मग काका जायचे. काकू उठायच्या, दोन कप कॉफी सावकाश, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत प्यायच्या, मशीन बंद करायच्या, प्लग काढायच्या, आणि प्लेट गार झाली की भांडं धुऊन पालथं घालायच्या. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट अकरा वर्षं चालली. भांडण झालेलं असलं तरी चालली. भांडणाच्या दिवशी काकू "घेतला" जरा तोडून म्हणायच्या, इतकंच.

थंडी सुरू होता होता काकू गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं. मुलगी परगावाहून धावत आली. ती मोठ्या दवाखान्यात नर्स. आईच्या पलंगापाशी ती मुलगी म्हणून उभी होती, पण नजर सारखी मशीनच्या आकड्यांवर जात होती, आणि आकडे तिला काकांच्या दोन तास आधी कळले. काकांनी सगळं पाहिलं, सह्या केल्या, घरी आले. रडले ते आठ दिवसांनी, वर्तमानपत्राचं कोडं तसंच कोरं राहिलेलं दिसलं तेव्हा. चांगले अर्धा तास रडले.

मशीनवर चार महिने फडकं होतं. मग एका सकाळी काकांना वाटलं, बस झालं. त्यांनी फडकं काढलं, व्हिनेगरचं पाणी फिरवलं, हात पुसले, वायर बघितली, चारच्या रेघेपर्यंत पाणी घातलं. दोन कप प्यायले. बूट घातले आणि फिरायला गेले.

परत आले तर शिवणवाल्या बाई दारात उभ्या. "काका, काहीतरी जळतंय हो तुमच्याकडे." उरलेली दोन कप कॉफी आटून काळी चिकट झाली होती. काका ओशाळले. "विसरलो वाटतं," म्हणाले. असं होतं कधीकधी. बाईही म्हणाल्या, होतं कधीकधी.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा भांडं तडकलं. काकांनी दुकानातून नवीन आणलं आणि कानाला खडा लावला. ओट्यावर चिठ्ठी चिकटवली: मशीन बंद करणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचली. वाचून मान डोलावली. बूट घातले आणि गेले. तिसऱ्यांदा शिवणवाल्या बाईंनीच आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून प्लग खेचला, आणि तोही वायर धरून. काकांना त्या क्षणी आपल्या विसरण्यापेक्षा त्या वायरचंच जास्त लागलं. "बाई, प्लग नेहमी डोक्याला धरून काढावा, वायर ओढू नये." बाईंनी ऐकून घेतलं, आणि घरी जाऊन काकांच्या मुलीला फोन केला.

मुलगी शुक्रवारी संध्याकाळी आली, पाच दिवसांची रजा टाकून. शनिवारी तिने बाबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तारीख विचारली, वार विचारला, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. काकांनी पाचही सांगितले, वर सांगितलं की तिसरा शब्द तुम्ही दोनदा उच्चारलात. घड्याळ काढायला सांगितलं तर त्यांनी सुंदर गोल घड्याळ काढलं आणि सवयीने बाराच्या पुढे, प्रेशरच्या काट्याला असते तशी, धोक्याची रेघही मारली. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "मला तर काही दिसत नाही. पण सुरुवात अशीच बारीकसारीक गोष्टींनी होते. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हटल्यावर नर्स काय करणार? लक्ष ठेवू लागली. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही सकाळी काकांनी मशीन लावलं, दोन कप प्यायले, फिरायला गेले. मुलगी साडेसातला उठली, उरलेली कॉफी प्यायली, मशीन बंद केलं. सगळं कसं सुरळीत. तिला वाटलं, शिवणवाल्या बाई उगीच राईचा पर्वत करतात. हे 'सुरळीत' कोणाच्या जिवावर चाललंय, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

सोमवारी दुपारी ती सहज म्हणाली, "बाबा, आपोआप बंद होणारं मशीन मिळतं आता. अर्ध्या तासाने स्वतःच बंद होतं. आणू?"

"आमच्याकडे एकजण सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर झोपायचा," काका म्हणाले. "मी त्याला एकच सांगायचो, व्हॉल्व्ह चुकलेल्या माणसासाठी असतो. झोपलेल्या माणसासाठी नसतो."

"म्हणजे नको?"

"म्हणजे मी अजून झोपलेलो नाही."

मंगळवारी सकाळी सातलाच ती समोर गेली. तिच्या युनिफॉर्मची बाही उसवली होती, आणि शिवणवाल्या बाईंचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. बाही शिवून होईपर्यंत गप्पा झाल्या. पावणेआठला ती परत आली, लॅच उघडून आत पाऊल टाकलं आणि थबकली. घरात कोणी नव्हतं. ओट्यावर मशीनचा लाल दिवा जळत होता. भांड्याच्या तळाशी कॉफी आटत होती आणि कडेला तिचा तपकिरी कंगोरा धरला होता. बरोबर वर, डोळ्यांसमोर, चिठ्ठी: मशीन बंद करणे.

तिने मशीन बंद केलं नाही. तसंच ठेवलं आणि शेजारी उभी राहिली.

काका आले. बूट काढता काढता त्यांना ती दिसली, मग दिवा दिसला. एक पाय बुटात आणि एक मोज्यात, असे ते उभे राहिले.

"बाबा, आज मी घरात नव्हते."

"हो. तू सांगून गेली होतीस."

"तुम्हाला माहीत होतं मी नाहीये."

"होतं."

"चिठ्ठी वाचलीत?"

"वाचली."

"मग?"

काकांनी मनातल्या मनात सगळी सकाळ पुन्हा तपासली. दाराला कुलूप लावलं होतं, ते त्यांना पक्कं आठवत होतं. गॅसचा कॉक बंद केला होता, नळ तपासला होता. मशीनपाशी गेलेलंही आठवत होतं. प्लेट गरम आहे, भांडं नीट आहे, दिवा चालू आहे, सगळं बघितलं होतं. बघितलं आणि सोडून आले. विसरलेल्या माणसाला निदान विसरल्याचा आधार असतो. यांना तर सगळं लख्ख आठवत होतं.

मुलगी खुर्चीवर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे चला. हे घर बंद करू. मी तिकडे ड्युटीवर असते आणि फोन वाजला की माझ्या काळजात धस्स होतं. गेल्या आठवड्यात मी एका पेशंटचं इंजेक्शन भरताना तुमच्या मशीनचा विचार करत होते. हे बरोबर नाही. ना तुमच्यासाठी, ना त्या पेशंटसाठी."

काका भांडतील असं तिला वाटलं होतं. निदान बॉयलरमधला एखादा दाखला फेकतील. काका म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'ने तिचं धाबंच दणाणलं. हा माणूस भाजीच्या पिशवीवरूनही पंधरा मिनिटं वाद घालणारा, आणि घर सोडायला बरं म्हणतो!

काकांना ते घर सोडायचं नव्हतं. सगळ्या भिंती, खिडकी, खिडकीतली खुर्ची, पलंगाची ती बाजू, सगळं त्यांना हवं होतं. पण ज्याला स्वतःच्या हाताची खात्री नाही त्याने बॉयलरजवळ थांबू नये, हेही त्यांना पटलेलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना लावलेला नियम स्वतःवर आला म्हणून काय टाळायचा?

दुपारी मुलगी कपाटातले कपडे वेगळे करू लागली. काकांनाही काहीतरी आवरायला हवं म्हणून त्यांनी टेबलाचा खण उघडला. तळाशी कारखान्यातली एक जुनी चार्जवही होती, निम्मी कोरी, निवृत्त होताना कोणाला न विचारता आणलेली. ती बघून त्यांना आठवलं, की बॉयलरवर काही बिघडलं, अगदी नुसता व्हॉल्व्ह अडकला तरी, आधी वहीत लिहायचं. मिनिटामिनिटाचं. कोणाची चूक ते नाही लिहायचं, का झालं तेही नाही. फक्त वेळ आणि काय केलं. साहेब म्हणायचे, आधी हाताने काय केलं ते लिहा, डोक्याने काय केलं ते मग बघू.

काका चष्मा लावून बसले. वहीत जुन्या छापील रेघा होत्याच: वेळ, काम, चार्ज दिला, चार्ज घेतला.

६.३० हात पुसले, वायर पाहिली.
६.३२ पाणी, चारची रेघ.
६.३५ पाणी पाहून मशीन चालू.
६.४५ मशीन शांत. कॉफी चार कप.
७.०० मुलगी समोर गेली.
७.१० दोन कप पिऊन झाले. दोन कप शिल्लक.
७.१२ गॅस, नळ पाहिले. मशीन पाहिलं. प्लेट गरम, दिवा चालू, भांडं जागेवर.
७.१५ चार्ज दिला.

पेन पुढच्या रकान्यात गेलं आणि थांबलं.

काकांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. अक्षर त्यांचंच होतं. विचार करून लिहिली नव्हती, हाताने आपोआप उतरवली होती. चार्ज दिला. शेजारच्या रकान्यात घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं.

मग त्यांनी हाक मारली, "पोरी, जरा इकडे ये."

ती हातात स्वेटर घेऊनच आली. काकांनी वही तिच्याकडे सरकवली. "मी विसरत नव्हतो," ते म्हणाले. "मी रोज चार्ज देऊन जात होतो."

तिने वाचलं. दुसऱ्या कोणाला हे समजावून सांगावं लागलं असतं. तिला नाही लागलं. तीही रोज पलंगापाशी उभी राहून पेशंट ताब्यात देते. सलाईन इतकं राहिलंय, ताप इतका, आठला गोळी. देऊन निघताना ती सलाईन बंद करत नाही. बंद केलं तर ती नर्स कसली? पुढची आलेली असते.

"ओरडत होतात तुम्ही?" तिने विचारलं. "चार्ज घे म्हणून?"

"नाही गं. तेवढं कळतं मला. तोंडाने कधी नाही म्हटलं." काकांनी चष्मा काढला. "पण पाय उंबऱ्यात थांबायचे क्षणभर. तिचं 'घेतला' म्हणून होईपर्यंत. मग निघायचे."

मुलीच्या हातातला स्वेटर आईचा होता. तो तिने मांडीवर ठेवला आणि रडली, आणि काकाही रडले. दोघांनी एकमेकांना गप्प करण्याचा प्रयत्न केला नाही.

सावरल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "पण बाबा, कारण कळलं म्हणून आग लागायची थांबत नाही. उद्या पुन्हा पाय उंबऱ्यात थांबले तर?"

"थांबणारच. अकरा वर्षांची सवय आहे, चिठ्ठीचं कुठे ऐकते! चिठ्ठीवर सही कोणाची आहे? माझीच. बॉयलर स्वतःच्या मर्जीने बंद करायचा मला अधिकारच नाही." काका आता जरा नेहमीसारखे बोलू लागले होते. "आमच्याकडे बंद करायचा तर वरून लेखी ऑर्डर यायची."

"वर कोण आहे आता?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. "तूच की. मघाशी घर बंद करायची ऑर्डर दिलीस ना? त्यापेक्षा मशीन बंद करायची दे."

मुलीला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच गेलं, कारण बाबा थट्टा करत नव्हते. तिने वही पुढे ओढली, नवं पान काढलं. "काय लिहू?"

"तुझं तू लिही. ऑर्डर कोणी सांगून लिहून घेत नाही."

तिने थोडा विचार केला आणि दवाखान्यातल्या स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: दुसरी पाळी बंद करण्यात आली आहे. पहिल्या पाळीने कॉफी संपल्यावर मशीन स्वतः बंद करावे, प्लग काढावा व प्लेट गार झाल्याशिवाय घर सोडू नये. खाली सही केली.

काकांनी वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. पहिल्या वाक्यावर त्यांचं बोट थोडं जास्त वेळ राहिलं.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

"आजची घालते."

"आजची नको. पाळी ज्या दिवशी बंद झाली ती घाल."

ती तारीख तिला आठवावी लागली नाही. तिने ती घातली. काकांनी तिच्या सहीखाली, 'ऑर्डर मिळाली' असं लिहून आपली सही केली. सहीला पाच महिने उशीर झाला होता, पण ऑर्डर कायद्याला धरून होती.

"आणि ते आपोआप बंद होणारं मशीनही आण," वही मिटता मिटता ते म्हणाले.

"काल तर नको म्हणत होतात!"

"नको असं कुठे म्हटलं? सेफ्टी व्हॉल्व्ह असावाच. पण बंद मी करणार. तो आपला बसून राहू दे."

"आम्हीही मॉनिटर लावतो आणि नाडी हाताने बघतो," ती म्हणाली, आणि आत जाऊन काढलेले कपडे परत कपाटात लावू लागली. घरी नेण्याचं पुढे काय, हे तिने काढलं नाही. मात्र उद्याची सकाळ ती बघणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बुधवार तिच्या रजेचा शेवटचा दिवस. साडेसहाला तिला जाग आली, पण ती उठली नाही. पलंगावर आई झोपायची त्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि ऐकत राहिली. टाकीचं झाकण. जगमधून पाणी. "पाणी आहे." मशीनची गुरगुर, सुस्कारा. मग बराच वेळ काही नाही; बाबा खिडकीत होते. मग बुटांचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला.

तिच्या ओठांवर 'घेतला' हा शब्द आला होता. म्हटला असता तर सगळं क्षणात जुन्यासारखं झालं असतं, आणि तेच नको होतं. ती गप्प राहिली.

उंबऱ्यात काका उभे होते. आतून काही आलं नाही. ते परत फिरले, ओट्यापाशी आले. उरलेली दोन कप कॉफी त्यांनी थर्मासमध्ये ओतली. मग बटणाकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत फिरायला निघण्याआधी हे बटण त्यांनी दुसऱ्या बाजूला कधी दाबलंच नव्हतं. दाबलं. लाल दिवा गेला. हात पुसले, प्लग डोक्याला धरून काढला. रिकामं भांडं तापल्या प्लेटवर न ठेवता फडक्यावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बुटांसकट मशीनसमोर बसले आणि मधूनमधून प्लेटवर, चार बोटं वर, तळहात धरून पाहत राहिले. प्लेट गार व्हायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं त्यांना बॉयलरच्या दीड दिवसाइतकी वाटली, पण ते उठले नाहीत. मग वही काढली आणि लिहिलं: ७.३५, मशीन बंद, प्लेट गार. 'चार्ज घेतला'च्या रकान्यात त्यांनी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली.

मुलगी बाहेर आली तेव्हा ते दारात बुटाची नाडी पुन्हा बांधत होते.

"बाबा, माझी कॉफी?"

"थर्मासमध्ये आहे," काका म्हणाले. "मशीन बंद आहे. मी केलंय."